महाराष्ट्राचा पाऊस: सरासरी, खंड, एल निनो आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागल्यापासून दिवाळीपर्यंत पावसाबद्दल जे प्रश्न सतत कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं यंदाच्या अंदाजावर बेतलेली नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांच्या नोंदींतून आणि समुद्र-वाऱ्यांच्या अभ्यासातून जे दिसतं, त्यावर ती दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे खरोखरच गुंता आहे.

‘सरासरीइतका पाऊस’ म्हणजे नेमका किती?

भारतीय हवामान खातं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभर पडणाऱ्या पावसाची दीर्घकालीन सरासरी काढतं. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून ती ८७ सेंटीमीटर येते. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की वर्ष ‘सर्वसाधारण’, ९० टक्क्यांखाली गेला की ‘अपुरा’.

महाराष्ट्रासाठी हा आकडा फारसा उपयोगाचा नाही. हवामानशास्त्राच्या दृष्टीने राज्याचे चार तुकडे पडतात. पावसाळ्यातली सरासरी ढोबळमानाने सांगायची तर कोकणात (गोवा धरून) २९०० मिलिमीटर, विदर्भात ९४०, मध्य महाराष्ट्रात ७५० आणि मराठवाड्यात ६४० च्या आसपास. सगळ्यांची मिळून राज्याची सरासरी हजारभर मिलिमीटर निघते आणि तेवढा पाऊस पडणारी गावं शोधायला गेलं तर पूर्व विदर्भाकडे किंवा घाटाच्या उतारावरच्या एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यात जावं लागतं. बाकीच्यांसाठी हा आकडा कागदावरचाच.

बेरीज सरासरीला पोचली म्हणजे हंगाम चांगला गेला, असंही नाही. जूनअखेर एका आठवड्यात दणकून पडला, पुढे महिनाभर गायब झाला आणि सप्टेंबरात पिकं काढायच्या वेळी पुन्हा कोसळला, तरी कागदावर ‘१०० टक्के’ दिसू शकतं. शेतकऱ्याला विचारा, तो त्या वर्षाला वेगळंच नाव देईल.

ही सरासरी अधूनमधून बदलते कशी?

आधारवर्षं पुढे सरकवली की बदलते. आधी ती ८९ सेंटीमीटर होती, मग ८८ झाली, आता ८७ आहे. देशाच्या पावसाला काही दशकांची भरती-ओहोटी आहे. साधारण १९३० ते १९६० हा काळ एकंदरीत भरघोस पावसाचा होता, तर त्यानंतरच्या दशकांत तुटीची वर्षं जास्त आली. जुनी ओली वर्षं हिशेबातून गळून नवी कोरडी वर्षं आत आली, की सरासरी घसरणारच.

पाऊस मोजतात कसा? आमच्या गावात मुसळधार पडला आणि नोंद मात्र वीस मिलिमीटरची, असं का होतं?

पर्जन्यमापक म्हणजे वर नरसाळं आणि खाली भांडं, इतकं साधं यंत्र. ते उघड्यावर, झाडा-भिंतींपासून लांब बसवतात. रोज सकाळी साडेआठला साठलेलं पाणी मोजपट्टी असलेल्या काचेच्या नळकांड्यात ओतून वाचतात आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस म्हणून मांडतात. त्यामुळे रात्री पडलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या तारखेवर चढतो. निम्मे वाद तर इथेच मिटतात.

एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वीस मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण एका एकरावर ते ऐंशी हजार लिटर होतं. अडीच मिलिमीटर किंवा जास्त झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतात. ६४.५ च्या पुढे जोरदार, ११५.६ च्या पुढे अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. महसूल खातं पंचनाम्यासाठी अतिवृष्टी मोजतं ती मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट), चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या निकषावर.

राहिला प्रश्न गावागावांतल्या फरकाचा. २६ जुलै २००५ चं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असायला हवं. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात पाऊस झाला ७३ मिलिमीटर. शहर एक, दिवस एक, आकड्यांत तेराएक पटींचा फरक. तेव्हा मंडळाच्या ठिकाणचं यंत्र आपल्या शिवारापासून सात-आठ किलोमीटरवर असेल, तर ते आपल्या पावसाची साक्ष देईलच असं नाही. विम्याच्या दाव्यांतली बरीच भांडणं या एका गोष्टीवरून होतात आणि त्यात शेतकऱ्याचं म्हणणं बहुतेक वेळा रास्त असतं.

घाटाच्या अलीकडे धो धो आणि पलीकडे कोरडं, हे कसं?

अरबी समुद्रावरून येणारं बाष्पाने जड झालेलं वारं सह्याद्रीला आडवं धडकतं आणि कडा चढू लागतं. वर जाताना हवा थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि कोकणात नि घाटमाथ्यावर कोसळतं. माथा ओलांडल्यावर तीच हवा खाली उतरते, उतरताना तापते आणि ढग विरतात.

हा फरक किती झपाट्याने पडतो ते सातारा जिल्ह्यात बघावं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथून वीसेक किलोमीटरवर पाचगणीला दोन हजारांच्या आत. घाट उतरून वाईला आलं की सात-आठशे. आणखी पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात एकीकडे इरलं, एकीकडे चारा छावणी.

मराठवाड्याची अडचण जरा वेगळी आहे. विदर्भाला पाऊस देतात ते मुख्यतः बंगालच्या उपसागरात तयार होऊन ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे. कोकणाला देतो अरबी समुद्र. मराठवाडा दोघांपासून लांब. बंगालकडची एखादी प्रणाली नेहमीपेक्षा दक्षिणेकडून गेली तर तिथे भरपूर पडतो, मध्य प्रदेशातून वरच्या वर निघून गेली तर आभाळ नुसतं भरून येतं. म्हणूनच तिथला पाऊस इतका लहरी, आणि म्हणूनच तिथे सप्टेंबरला इतकं महत्त्व.

मान्सून लवकर आला म्हणजे वर्ष चांगलं जाणार ना?

आगमनाची तारीख आणि हंगामाची एकूण बेरीज यांचा फारसा संबंध लागत नाही.

२०२५ मध्ये मान्सून केरळात २४ मे रोजी पोचला आणि मुंबईत २६ मे रोजी. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. इतकं लवकर आगमन झाल्याची नोंद त्याआधीच्या पंच्याहत्तर वर्षांत नाही. पण पुढे काय झालं? मेअखेरीस त्याची वाटचाल थबकली ती जूनच्या मध्यापर्यंत. उलट २०१९ मध्ये मुंबईत मान्सून आला २५ जूनला, देशात जून महिन्याची तूट एक तृतीयांश होती, वर्तमानपत्रांत दुष्काळाच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. हंगाम संपला तेव्हा देशाचा पाऊस ११० टक्के होता आणि मध्यंतरी ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली जाऊन आली होती.

मग पेरणी कधी करावी?

आगमनाची बातमी ऐकून नव्हे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत खोलवर ओल गेली आणि वाफसा आला, म्हणजे चिखल ओसरून माती पेरणीजोगी झाली, की करावी. वरची चार बोटं माती भिजली म्हणून चाड्यावर मूठ धरली आणि पुढे दोन आठवडे उघडीप मिळाली, तर दुबार पेरणीचं संकट ठरलेलं. बियाण्याचा खर्च दोनदा, आणि हंगामाचे तीन आठवडे हातचे गेलेले.

पावसात खंड का पडतो?

या सबंध पानातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, असं माझं मत आहे. आपण एकूण आकड्यावर जेवढं बोलतो त्याच्या निम्मं जरी खंडावर बोललो तरी पुष्कळ.

पावसाळ्यात राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा पसरलेला असतो. त्याला मान्सूनचा आस म्हणतात. हा आस आपल्या नेहमीच्या जागी किंवा थोडा दक्षिणेला असला की मध्य भारतात आणि महाराष्ट्रात पाऊस चालू राहतो. तो उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला की आपल्याकडे उघडीप, आणि तिकडे बिहार, आसाम, नेपाळच्या तराईत पूर. गंमत म्हणजे त्याच काळात तामिळनाडूत गडगडाटी पाऊस वाढतो.

आस का सरकतो, यामागे बऱ्याच गोष्टी आहेत. त्यांतली एक मोठी गोष्ट म्हणजे विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे प्रवास करणारी ढगांची प्रचंड लाट. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी १९७१ मध्ये तिचा छडा लावला, म्हणून तिला मॅडन-ज्युलियन आंदोलन म्हणतात. साधारण ३० ते ६० दिवसांत ती पृथ्वीला वळसा घालते. तिचा ओला भाग हिंदी महासागरावर असला की आपल्याकडे जोर, तो पुढे प्रशांत महासागरात सरकला की ओढ. जोर आणि ओढ यांची पाळी आपल्याला पिढ्यानपिढ्या दिसते, तिचा एक धागा इथे आहे.

जुलै २००२ मध्ये देशाचा पाऊस जवळपास निम्म्यावर आला. ऑगस्ट २०२३ हा तर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तूट ३६ टक्के. तरीही २०२३ च्या हंगामाची बेरीज ९४ टक्के झाली. कागदावर तूट फक्त सहा टक्के! पण ऑगस्ट म्हणजे सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा भरण्यात असतं, काळ्या रानाला भेगा पडायला लागल्या की शेंगेत दाणा बारीक राहतो. नंतर सप्टेंबरात कितीही पडला तरी तो दाणा परत फुगत नाही.

एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच का?

नाही. धोका वाढतो एवढं खरं.

प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात नेहमी पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात आणि ऊबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूला ढकलतात. काही वर्षांच्या अंतराने हे वारे ढिले पडतात, ऊबदार पाणी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या दिशेने पसरतं (हाच एल निनो), आणि त्याबरोबर ढग जमण्याची, हवा वर चढण्याची जागाही पूर्वेला सरकते. तिकडे हवा वर चढली की कुठेतरी ती खाली उतरायला हवी. ती बऱ्याचदा आपल्या डोक्यावर उतरते, आणि उतरणाऱ्या हवेत ढग नीट वाढत नाहीत.

या साखळीचं एक टोक भारतातूनच हाती लागलं. १८७७ आणि १८९९ च्या भीषण दुष्काळांनंतर पावसाचा अंदाज आधी बांधता येईल का, हा सरकारपुढचा मोठा प्रश्न होता. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर हे मुळात गणितज्ञ. त्यांनी जगभरच्या वायुदाबाच्या नोंदी जमवून त्यांचे परस्परसंबंध तपासले. प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यातला दाब सी-सॉच्या फळीसारखा वरखाली होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. हे आंदोलन आणि एल निनो एकाच घडामोडीच्या दोन बाजू आहेत, हे मात्र १९६० च्या दशकात याकोब बियर्कनेस यांनी दाखवलं.

आता हिशेब बघा. १९७२, १९८७, २००२, २००९, २०१५ ही सगळी एल निनोची वर्षं आणि सगळी तुटीची. २००९ मध्ये देशाचा पाऊस ७८ टक्क्यांवर आला. पण १९९७ मध्ये विसाव्या शतकातला सर्वांत बलवान म्हणावा असा एल निनो होता, आणि त्या वर्षी देशात पाऊस पडला १०२ टक्के. २००२ चा एल निनो मध्यम ताकदीचा, आणि पाऊस ८१ टक्के. १९५० नंतरची एल निनोची वर्षं काढली तर निम्म्याहून थोड्या जास्त वर्षांत पाऊस सरासरीखाली गेलेला दिसतो. प्रशांतचं पाणी नेमकं कुठे तापलंय, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. मध्यभागी तापलं तर आपल्याला जास्त जाचतं, पेरूच्या किनाऱ्याजवळ तापलं तर त्या मानाने कमी.

त्यामुळे ‘एल निनो येतोय’ ही बातमी ऐकून पाण्याचं नियोजन जरूर करावं. दुष्काळ जाहीर झाल्यासारखं वागू नये. बाजारात डाळींचे भाव मात्र बातमीबरोबरच वाढतात, त्याला एल निनो जबाबदार नाही.

हिंदी महासागराच्या ‘द्विध्रुवा’चं काय?

हिंदी महासागराची पश्चिम बाजू, म्हणजे आफ्रिकेकडची, पूर्वेपेक्षा जास्त तापली की त्याला धन स्थिती म्हणतात. ती बहुतेक वेळा आपल्या पावसाला मदत करते. १९९९ मध्ये या घटनेची ठळकपणे मांडणी झाली, आणि ती करणाऱ्यांत भारतीय शास्त्रज्ञही होते. १९९७ ला एल निनोचा फटका का बसला नाही, याचं एक उत्तर इथे सापडतं, कारण त्या वर्षी द्विध्रुव जोरदार धन होतं. २०१९ लाही तसंच. पण ही स्थिती पुरती वर येते ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणून जूनच्या पेरणीला तिचा आधार धरता येत नाही.

ला निना असेल तर भरपूर पाऊस नक्की?

ला निना ही एल निनोच्या उलट स्थिती. कल तसा असतो. २०२०, २०२१, २०२२ ही लागोपाठ तीन वर्षं ला निना होती. देशाचा पाऊस अनुक्रमे १०९, ९९ आणि १०६ टक्के.

‘पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही’ हे खरं आहे का?

अर्धं. आजोबांच्या वेळी पाऊस वेळेवर यायचा आणि बेतानं पडायचा, ही आठवण गोड आहे, पण नोंदींना ती मान्य नाही. १८७६-७८, १८९९, १९१८, १९७२ हे दुष्काळ काही हवामानबदलाची चर्चा सुरू झाल्यावर आलेले नाहीत. त्याच्या कितीतरी आधी, १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये पडलेल्या दुष्काळाने गावंच्या गावं ओस पाडली होती. लहरीपणा हा इथल्या पावसाचा जुना स्वभाव आहे.

बदललं आहे ते पडण्याचं वळण. मध्य भारताच्या १९५० ते २०१५ या काळातल्या नोंदी रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या टोकाच्या पावसाच्या घटना या काळात तिपटीने वाढल्याचं त्यांना आढळलं, आणि याच मध्य भारतात हंगामाचा एकूण पाऊस मात्र घटत होता. अरबी समुद्र तापल्यामुळे पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांचे बाष्पाचे लोंढे अनिश्चित झालेत, असा त्यांचा निष्कर्ष. मूळ भौतिकशास्त्र सोपं आहे. हवेचं तापमान एक अंशाने वाढलं की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे भरायला वेळ लागतो, आणि रिती होते तेव्हा एकदम.

जूनमध्ये कोकणच्या किनाऱ्याला चक्रीवादळ धडकणं पूर्वी क्वचितच ऐकू यायचं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. दोन वादळांवरून नियम बांधू नये, पण अरबी समुद्रातल्या वादळांची संख्या आणि जोर वाढल्याचं अभ्यासांतूनही दिसलं आहे.

आपल्यासाठी याचा अर्थ आणखी बोचरा आहे, कारण महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर वसलेला आहे. या खडकात पाणी मुरतं ते भेगांतून आणि मुरमाच्या थरातून, सावकाश. आठ दिवसांची रिपरिप विहिरीला पाणी आणते. तेवढाच पाऊस चार तासांत पडला तर तो ओढ्याने निघून जातो, जाताना बांध आणि माती घेऊन जातो. बेरीज तीच, विहीर मात्र मार्चमध्ये तळ गाठते.

दुष्काळ नेहमी कमी पावसामुळेच येतो ना?

नाही. लंडनला वर्षभरात साधारण सहाशे-साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, मराठवाड्याच्या पावसाळ्याएवढाच. आपल्याकडे तो चार महिन्यांत उरकतो आणि उन्हाळ्यात बाष्पीभवन जबरदस्त असतं, हे कबूल. तरी आकडा टाकाऊ नाही. २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन तुटीची वर्षं गेल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच भागात ऊस उभा होता आणि साखर कारखाने चालू होते. पावसाची तूट निसर्गाची, पाण्याची टंचाई पुष्कळशी आपली.

आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता लातूर भागात अतिवृष्टी झाली.

नक्षत्रं आणि वाहनं यांत काही तथ्य आहे का?

नक्षत्रांत आहे, वाहनांत नाही. सूर्य ज्या नक्षत्रात असतो त्यावरून मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असे तेरा-चौदा दिवसांचे भाग पडतात. हे सौर कॅलेंडरच आहे आणि शेतीसाठी चांगलं सोयीचं आहे. पुनर्वसूचा ‘तरणा’ पाऊस, पुष्याचा ‘म्हातारा’, रब्बीच्या तोंडावर हस्ताचा. या नावांत जुलैतला जोर आणि सप्टेंबरअखेरचा गडगडाटी पाऊस यांचं शेकडो वर्षांचं निरीक्षण साठलेलं आहे. यंदा नक्षत्राचं वाहन, म्हणजे पंचांगात त्याला जोडलेला प्राणी, म्हैस आहे की बेडूक, यावरून पाऊस ठरवणं मात्र निव्वळ ठोकताळा. पंचांगात ते सगळ्या महाराष्ट्राला एकच असतं. महाबळेश्वरला आणि माणला एकच म्हैस कशी पुरेल?

झाडं लावली की पाऊस वाढतो का?

गावापुरती झाडं लावून गावापुरता पाऊस वाढत नाही. पडलेला पाऊस मुरायला आणि माती धरून ठेवायला झाडं लागतात, तेवढं कारण पुरेसं आहे.

आणि कृत्रिम पाऊस?

ढग असतील तर त्यातून थोडा जास्त पाऊस काढता येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर भागात केलेल्या प्रयोगात सुमारे १८ टक्के वाढ दिसली होती. निरभ्र आकाशातून पाणी पाडण्याचं तंत्र कोणाकडेच नाही, आणि विमानं नेमकी मागितली जातात ती आकाश निरभ्र असताना.

गावाच्या पावसाकडे बघताना नेमके कोणते आकडे बघू?

जूनपासूनची एकूण बेरीज शेवटी बघा. आधी बघा पावसाचे दिवस किती झाले, दोन पावसांमधली सर्वांत लांब उघडीप किती दिवसांची होती आणि ती पिकाच्या कोणत्या अवस्थेत आली, आणि एकूण पावसातला किती वाटा एक-दोन दिवसांतच पडून गेला. आपल्या मंडळाचे रोजचे आकडे मिळतात, पाच-सात वर्षांचे एका वहीत उतरवले तरी चित्र दिसायला लागतं.

पुढच्या वर्षी एल निनो असेल का, हे आत्ताच कळेल का?

डिसेंबर-जानेवारीत कोणी ठामपणे सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. मार्च ते मे या काळात प्रशांत महासागराची स्थिती उलटीपालटी होते आणि त्याआधी केलेले अंदाज फारसे टिकत नाहीत. हवामान खातंही पावसाळ्याचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये देतं आणि मेअखेरीस तो सुधारतं. वाचायचा असेल तर दुसरा वाचावा.